वजडीवाल्याचा तुटका दात

नेपल्स, १४ नोव्हेंबर १९८६

चि. सौ. असुंतास दादाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

यंदाच्या नाताळच्या देखाव्यासाठी, बाळ येशूच्या गोठ्याभोवतीच्या बाजारात मांडायला, स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू अशा: करंगळीएवढ्या खारवलेल्या तंगड्या, डझनभर, वाम माशांची एक टोपली, प्रत्येक वाम वेगळी वळलेली, पाकळ्या वेगळ्या दिसाव्यात अशी लसणाची माळ, विहिरीवर भांडणाऱ्या दोन म्हाताऱ्या, आणि एक वजडीवाला, वीतभर उंच. डोकं भाजलेल्या मातीचं, डोळे काचेचे, अंग तारेवर ताग गुंडाळून, हात लाकडाचे, नखांसकट. गल्लीतले बाकीचे मूर्तिकार साचा वापरतात. मी वापरत नाही. मला कोणी शिकवलं नाही, त्यामुळे चुकीचं शिकवायलाही कोणी नव्हतं.

आई गेल्यापासून तू नाताळला आली नाहीस. तुझी खुर्ची मी भिंतीकडे तोंड करून ठेवतो, म्हणजे रिकामी आहे हे तिला कळू नये. यंदा ये. ओरेस्तेरावांना सांग, वाम मी स्वतः तळीन.

मुलांना पापा. माया आहे तशीच ठेव, एवढंच मागणं.

तुझा,
कातेल्लोदादा

---

तुरीन, २६ नोव्हेंबर १९८६

ती. दादास असुंताचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी ह्यांनी चौघांची तिकिटं काढली होती. मी आनंदाने दोन पातेली करपवली. तिकिटांचं कारण ऐक. ह्यांना आता कलेत पैसा गुंतवायचं वेड लागलंय. एका सल्लागाराच्या सांगण्यावरून एक चित्र घेतलं. सगळं करडं. मुलांना तिथून चेंडू न्यायला बंदी आहे. मी परवा ओल्या फडक्याने पुसलं, काही फरक पडला नाही, म्हणजे चांगलंच असणार. तोच सल्लागार म्हणाला की कलाकार वारला की भाव तिप्पट होतो. लगेच ह्यांनी माझ्या कपाटातले तुझे पाच मेंढपाळ काढून काचेत मांडले. आता रोज जेवताना विचारतात, तुझ्या दादाचा खोकला कसा आहे गं? इतक्या मायेने विचारतात की मला भरून यायचं. अर्थ मला चौथ्या दिवशी कळला.

पण काल तुझ्या गल्लीतल्या आपल्या कार्मेलाने फोनवर घोळ घातला. म्हणाली, दादाचा वजडीवाला म्हणजे हुबेहूब तुझा नवरा, पुढच्या तुटक्या दातासकट, आणि अख्खी गल्ली बघायला येतेय. फोन ह्यांनी उचलला होता, तिने कोण आहे ते विचारलंच नाही. तिकिटं खणात गेली, खणाची किल्ली खिशात. म्हणे मी विमा कचेरीचा व्यवस्थापक, दातावर एवढं महागडं टोपण बसवलंय, आणि हा मला आतडी विकायला उभं करतो! दात दुरुस्त केलास तर तीन लाख लिरा देतो म्हणतात, नाहीतर नेपल्सला पाऊल टाकणार नाहीत.

दादा, पांढऱ्या रंगाचा एक ठिपका. एवढाच. मला घरी यायचंय रे.

रागावलास तरी विसरू नकोस.
तुझीच,
असुंता

---

नेपल्स, ५ डिसेंबर १९८६

चि. सौ. असुंतास अनेक आशीर्वाद, वि. वि.

मी मूर्तिकार आहे, दंतवैद्य नाही.

तुझ्या लग्नात साखरेचा बदाम फोडताना ओरेस्तेरावांचा दात तुटला, तो तुकडा माझ्या बुटावर पडला. कुठला दात, कुठला कोपरा, हे मला विचारायचं. वरचा, डावा, आतला कोपरा. टोपण वरून बसवलंय, खाली दात तसाच आहे. आणि ठिपका म्हणजे काय? त्या दातासाठी ओठ किंचित वर घेतलाय, ओठासाठी गाल, गालासाठी डोळा. दात भरला तर माणूस कारण नसताना डोळा मारतोय असं दिसेल. तीन लाखांत त्यांनी दुसरं करडं चित्र घ्यावं.

खोकल्याबद्दलही सांग. तो मातीच्या धुळीचा आहे. मी एकोणपन्नास वर्षांचा आहे आणि आपले आजोबा त्र्याण्णवाव्या वर्षी मधमाशी चावून गेले, एरवी ठणठणीत होते.

हे सगळं रागात लिहिलं. मग तुझ्या खुर्चीकडे पाहिलं. एवढं करतो: वजडीवाल्याला पाठमोरा उभा करतो. गिऱ्हाइकाकडे पाठ करून वजडी विकणारा माणूस नेपल्समध्ये आजवर झाला नाही, लोक मला हसतील. हसू देत. दात कोणाला दिसणार नाही, पण दात राहील.

ये. माझ्यासाठी नाही, तर वामांसाठी.
तुझा,
कातेल्लोदादा

---

नेपल्स, १२ जानेवारी १९८७

चि. सौ. असुंतास अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तुम्ही सगळे आलात, खुर्ची सरळ झाली, मुलांनी एक म्हातारी विहिरीत टाकली, सगळं पावलं. तू विचारतेस की तू कार्मेलाकडे गेलीस त्या तासात असं काय घडलं, की ओरेस्तेराव आरशासमोर ओठ वर करून उभे राहतात आणि उसासे सोडतात. सांगतो.

पाठमोरा ठेवूनही उपयोग झाला नव्हता. लोक टकलावरून ओळखत होते. ओरेस्तेरावांनी स्वतःचं टक्कल मागून कधी पाहिलं नव्हतं, ते बराच वेळ बघत राहिले. तेवढ्यात दुकानात एक गिऱ्हाईक आलं. म्युनिकचे दंतवैद्य, देखाव्यातल्या मूर्ती जमवणारे. त्यांनी विचारलं, हा रुसलाय का? आणि मूर्ती फिरवली. मग भिंग काढलं. म्हणाले, आयुष्यात एवढा खरा तुटलेला दात मातीत पाहिला नाही. पंधरा लाख देतो.

कोपऱ्यात टोपी ओढून उभे असलेले तुझे हे एकदम पुढे आले. ओठ वर करून म्हणाले, मूळ दात इथे आहे! दंतवैद्यांनी टोपणावर टिचकी मारून पाहिली आणि खूश झाले. पुढे ओरेस्तेरावांनी मला बोलूच दिलं नाही. अशी मूर्ती दुसरी होणार नाही, चेहरा खानदानी आहे, कलाकाराची तब्येत नाजूक आहे, असं सांगत त्यांनी मला कोपराने ढोसलं. मी पाहुण्याचा मान म्हणून एकदा खोकलो. भाव चढला. दर खोकल्याला चढत गेला.

शेवटी ओरेस्तेराव म्हणाले, देऊन टाका. मी विचार केला. वजडीवाला म्युनिकला गेला, तर ओरेस्तेराव दर नाताळला स्वतःला बघायला म्युनिकला जाणार, आणि तुलाही नेणार. इथे राहिला तर इथे येणार. मी नाही म्हटलं. स्टेशनपर्यंत ते रागाने माझ्यापुढे दहा पावलं चालले. गाडी हलल्यावर मात्र खिडकीतून ओरडले, पुढच्या वर्षी पुढच्या रांगेत ठेवा, आणि तोंड लोकांकडे!

खुर्ची आता टेबलाकडे तोंड करूनच ठेवली आहे. तिचा आणि माझा विसर पडू देऊ नकोस.
तुझा,
कातेल्लोदादा

ता. क. आकडा ते तुला सांगत नाहीत, म्हणून मी सांगतो. दंतवैद्यांची शेवटची बोली साठ लाख लिरा होती, आणि वर माझे सगळे दात फुकट दुरुस्त करून.