जर्मनी विरुद्ध चीन, स्थळ जळगाव

प्रिय पंडितनाना,

सलाम आणि रामराम, दोन्ही. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि प्रमिलावहिनींनी तुमचं भरीत पुन्हा सुरू केलं का, हे आधी कळवा. इकडे आम्ही मजेत आहोत. म्हणजे सितारा मजेत आहे. मी रविवारी इथल्या व्यापारी मंडळींपुढे व्याख्यान दिलं.

विषय मीच निवडला होता. प्रचंड दाबाखाली आणि कडाक्याच्या थंडीत काही पदार्थांतून वीज अजिबात अडथळ्याविना वाहते. त्या संशोधनात कोणता देश पुढे? (तुलना केली की माणसं जागी राहतात, हा सल्ला तुमचाच.) जागी कसली, पेटलीच! जर्मनांनी सडक्या अंड्याचा वास येणारा वायू दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये दाबून विक्रम केला म्हटल्यावर सराफ मंडळी जर्मनीकडे गेली. (त्यात हिरे फुटतातही, हे ऐकून दोघे पाणी प्यायला बाहेर गेले.) त्याचं भाकीत चिनी गणितींनी आधीच केलं होतं म्हटल्यावर पाईपवाले चीनच्या बाजूने. अमेरिकेतल्या एका गटाने हे खोलीच्या साध्या तापमानाला जमल्याचं जाहीर केलं आणि पुढे तो लेख मागे घेतला गेला, असं सांगताच दोन्हीकडून टाळ्या. शेवटी डाळमिलवाले प्रेमराजशेठ उठले. "सर, हाई बठ्ठं ठीक शे, पन जिंकना कोन?"

मी कागद चाळू लागलो. तेवढ्यात मागून सितारा उभी राहिली. (ती शाळेत मुलांना विज्ञान शिकवते, घरी मला.) म्हणाली, "शेठ, गणित चीनमध्ये मांडलं, प्रयोग जर्मनीत झाला, आतली रचना तपासायला जपानी धावून आले. यात हरलं कोण?" मग हळूच, "तुमची ज्योती एम.एस्सी. करणार होती ना? दाबावरचं काम आपल्या देशातही चालतं." शेठ पोरीचं शिक्षण थांबवून स्थळं बघत होते, हे तिला ठाऊक होतं. मला, ज्योतीच्या प्राध्यापकाला, पत्ताच नव्हता!

सोमवारी शेठ ज्योतीला घेऊन कॉलेजात आले. प्रवेशाची सगळी चौकशी केली, ज्योती तर हसू लपवत होती, आणि जाताना मला विचारलं, "मॅडम नाही आल्या?"

तर नाना, बायकोला व्याख्यानाला नेऊ नये, एवढं शिकलो.

तुमचा,
जहांगीर

ता.क. धुळ्याच्या वाचनालयात मला बोलावलंत, त्याऐवजी सिताराला बोलवा. मला वाईट वाटणार नाही (थोडं वाटेल). फक्त कल्पना तुमची आहे असं कळवा.

ता.ता.क. पंडितभाऊ, पत्र पेटीत टाकायला ह्यांनी माझ्याकडेच दिलं, तेही पाकीट न चिकटवता. येते मी. ह्यांना मागच्या खुर्चीवर बसवा. पुढे बसले तर बोलायला लागतील.
— सितारा