रात्री नऊची आंघोळ

नेपरव्हिल, जानेवारी

प्रिय रत्ना,

जयभीम. हे पत्र नकुलच्या हाती पाठवतेय. नकुल म्हणजे सूनबाईच्या, उपासनाच्या ऑफिसातला, आपल्या नागपूरचाच मुलगा. उद्या निघतोय. फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर मी नको ते विचारलं की तुझ्याकडे कुकरची शिट्टी होते, दारात कुणीतरी येतं, नाहीतर रेंज जाते. पत्राला रेंज लागत नाही. तेव्हा नीट बस, चष्मा लाव आणि पहिल्या ओळीपासून वाच. वर्गात तू पोरांना धड्याचा शेवट आधी उघडू द्यायची नाहीस, तोच नियम आज तुला लागू.

तर पहिली बातमी ही, की मला इथे अडकवून ठेवायचा कट शिजत होता. हसू नकोस. आयुष्यभर गणित शिकवलंय मी. कॉपी करणारं पोरगं मला फळ्याकडे तोंड असतानाही कळायचं, मग माझा स्वतःचा मुलगा कसा निसटेल? माझं परतीचं तिकीट जानेवारीअखेरचं. तुला ते पाठ आहे, कारण माझ्या घराची किल्ली तुझ्याकडे आहे आणि कुंड्यांना पाणीही तूच घालतेस. शंकरराव गेल्यापासून मी घराबाहेर पडले नव्हते, म्हणून प्रफुल्लने फार आग्रहाने बोलावलं आणि मीही अडीच महिने काढून परत यायचं असं ठरवून निघाले. डिसेंबर लागला आणि याची भाषा बदलली. आई, एवढ्यात काय जातेस? बुद्धपौर्णिमेपर्यंत थांब. का, तर नागपुरात थंडी असते! हे तो मला नेपरव्हिलमध्ये बसून सांगतो, जिथे दाराबाहेर विसरलेली पाण्याची बाटली सकाळी फोडून काढावी लागते. माझा संशय तिथेच सुरू झाला.

मग मी लक्ष ठेवायला लागले. मी स्वयंपाकघरात आले की नवराबायकोचं बोलणं बंद. मधेच प्रफुल्लला फोन येई आणि तो उठून गॅरेजमध्ये जाई. घरात हीटर असताना माणूस स्वेटर चढवून गॅरेजमध्ये गाडीशेजारी उभा राहून बोलतो, याचा अर्थ काय घ्यायचा? माझी खालची खोली यांनी नव्याने रंगवली. बाथरूममध्ये धरायला दांडी बसवली. अडीच महिन्यांच्या पाहुणीसाठी कुणी भिंतीला भोकं पाडतं का? आणि एक दिवस उपासना हळूच जवळ येऊन बसली आणि विचारू लागली, आई, तुमचं वजन किती? उंची? वय कागदावर आहे तेच ना? मी सगळं सांगितलं. मला वाटलं, ग्रीन कार्डाचे कागद करताहेत, नाहीतर एखाद्या वृद्धाश्रमात नाव घालताहेत, आणि तिकडे माझ्या घराला कुलूप ते कुलूपच राहणार. शेवटी तिने बुटाचा नंबर विचारला. बुटाचा नंबर कुठल्या वृद्धाश्रमाला लागतो, हे मात्र मला कळेना.

ते स्कीइंगसाठी होतं, हे नंतर समजलं. भाड्याने मिळणाऱ्या त्या पट्ट्या माणसाचं वजन-उंची बघून बसवतात. त्यावर येतेच. त्याआधी इथला डिसेंबर सांगते, म्हणजे पंचवीस तारखेचं तुझ्या लक्षात येईल.

इथे डिसेंबरभर अख्खी गल्ली दिव्यांनी नटलेली असते. समोरच्या घरापुढे हवा भरलेला एक भला मोठा सांता आहे. सकाळी तो बर्फावर आडवा पडलेला असतो, अंधार पडला की टम्म फुगून उभा राहतो. माझी नात केया त्याला रोज हात करते. आपल्या घरातही झाड आलं. केयाने त्यावर चांदण्या लावल्या आणि उरलेली दिव्यांची माळ बाबासाहेबांच्या फोटोभोवती गुंडाळली. मला आधी ते कसंतरीच वाटलं, पण पोरगी मन लावून करत होती, मग मीच माळेचं टोक धरलं.

आता पंचवीस डिसेंबर म्हणजे लोकांचा नाताळ आणि आपला स्त्री मुक्ती दिन. इतक्या वर्षांत विहारातला तो कार्यक्रम तुझ्यामाझ्याशिवाय झाला नाही. म्हणून उपासनाने आसपासची आपली चार-पाच कुटुंबं बोलावून बेसमेंटमध्ये कार्यक्रम ठेवला. त्रिशरण-पंचशील झालं, मी भाषण केलं, मुलं निम्मं समजून टाळ्या वाजवत होती. आणि मग, महाडच्या दहनाची आठवण म्हणून आपण दरवर्षी करतो तसा, मी मनुस्मृती लिहिलेला कागद ताटात धरला आणि काडी लावली. अगं, छताला धुराचं यंत्र असतं हे मला काय माहीत! ते असं काही कोकलायला लागलं की सगळी माणसं मोजे घालूनच बाहेर बर्फात धावली. शेवटी प्रफुल्लने अंगणातल्या बार्बेक्यूच्या शेगडीवरचा बर्फ झाडला आणि उरलेलं दहन आम्ही तिथे केलं. रस्त्यावरून जाणाऱ्या शेजाऱ्याने आम्हाला मेरी ख्रिसमस म्हटलं, आम्हीही म्हटलं.

हसून हसून माझं पोट दुखलं आणि पहिली आठवण तुझी आली. लगेच तुला व्हिडिओ पाठवला आणि लिहिलं, तुमच्या कार्यक्रमाचा फोटो धाड. तू धाडलास. बायका ओळीत, मधे मेणबत्त्या, तू माईकसमोर, खाली लिहिलेलं, यंदा तुझी उणीव भासली. मी तो फोटो मोठा करून पाहिला. रत्ना, फोटोच्या उजव्या कडेला एक कोपर आहे. जांभळ्या स्वेटरमधलं. तो स्वेटर मी विणलाय आणि ते कोपर माझं आहे, म्हणजे फोटो जुना.

निबंध तुझे नेहमीच छान असतात, पण उदाहरण तपासून घ्यायची सवय तुला कधीच नव्हती. त्या दिवसापासून माझा संशय प्रफुल्लवरून उठून तुझ्यावर बसला. मग मागचं एकेक आठवायला लागलं. व्हिडिओ कॉल केला की मला तुझ्या हॉलचा पंखा दिसतो. तू म्हणतेस, कॅमेरा बिघडलाय. बिघडलेल्या कॅमेऱ्यात पंखा बरा स्वच्छ दिसतो, त्याच्यावरची धूळसुद्धा! तुझी सोनल पुण्याची नोकरी सोडून डिसेंबरभर नागपुरात काय करतेय? सुट्टी आहे म्हणे. आणि फोन तीच उचलते आणि म्हणते, मावशी, आई आंघोळीला गेलीय. इथली सकाळ म्हणजे तुमची रात्र, हे पोरगी विसरली. डिसेंबरातल्या नागपुरात रात्री नऊला तू आंघोळ करतेस? तू, जी जानेवारी संपेपर्यंत सकाळीसुद्धा टाळतेस?

आंघोळीचं ते वाक्य ऐकलं आणि मी लगेच फोन ठेवला. कारण ते वाक्य आपलं आहे. शंकररावांचं पहिलं ऑपरेशन झालं तेव्हा प्रफुल्ल ओहायोत शिकत होता, त्याची परीक्षा होती. त्याला कळवायचं नाही असं आपण ठरवलं आणि त्याचा फोन आला की काय सांगायचं हे तूच मला पढवलंस. बाबा आंघोळीला गेलेत. बिचारा शेवटी म्हणाला होता, बाबा इतक्या वेळा आंघोळ का करताहेत? आपण दोघी हॉस्पिटलच्या जिन्यात उभ्या राहून हसलो होतो आणि मग रडलो होतो. परदेशातल्या माणसाला वाईट बातमी कळू द्यायची नाही ही आपली रीतच आहे. फक्त यंदा परदेशातलं माणूस मी होते, हे माझ्या ध्यानात यायला उशीर झाला.

गॅरेज, कुजबुज, बुद्धपौर्णिमा, सगळं एका ओळीत लागत होतं, पण ते खोटं ठरावं म्हणून मी विचारत नव्हते. आणि तेवढ्यात जानेवारीतला लाँग वीकेंड आला आणि आम्हाला विस्कॉन्सिनला स्कीइंगला नेण्यात आलं. आईचं मन रमेल, असं उपासना त्याला म्हणत होती. मी जिन्यावर उभी होते.

चार तास गाडीतून गेलो. टेकडी म्हणावी एवढाच उंचवटा, पण वरून लोक सुसाट येत होते. ते बूट म्हणजे दोन्ही पायांना प्लास्टर. घालायला उपासना आणि तिथला एक माणूस लागला. त्याखाली लांबलचक पट्ट्या अडकवल्या आणि मला, साठी उलटलेल्या बाईला, लहान मुलांच्या रांगेत उभं केलं. शिकवणारी मुलगी फार गोड होती. वेग कमी करायचा तर पट्ट्यांची पुढची टोकं जवळ आणायची, त्याला इथे पिझ्झा म्हणतात, कारण आकार तसा होतो. केया मागून ओरडत होती, आजी, मेक अ पिझ्झा! बेंड युअर नीज! मी पिझ्झा करायला जायची आणि पट्ट्यांची फुली व्हायची. पडले किती वेळा, मोजलं नाही. पण त्या मुलीने एक गोष्ट चांगली शिकवली. पडणार असं वाटलं तर मागे रेलायचं नाही, सरळ कुशीवर पडायचं, थोडं थांबायचं आणि मग उठायचं. दुसऱ्या दिवशी मी त्या छोट्या उतारावरून न पडता खाली आले, रत्ना. खरंच आले. केयाने मिठी मारली. आणि नेमकं त्या क्षणी मला वाटलं, हे आता रत्नाला सांगायचं. आणि लगेच डोळ्यांसमोर पंखा आला.

मग मला राहवेना. उताराच्या माथ्यावर प्रफुल्ल माझ्या शेजारी उभा होता. त्या पट्ट्या घातलेला माणूस गॅरेजमध्ये पळू शकत नाही. मी त्याचा हात धरला आणि विचारलं, रत्नाला काय झालंय? तो म्हणाला, कुठे काय, मावशी एकदम मजेत आहे, आणि उभ्या उभ्या, सपाट जागेवर, पाय गुंतून धाडकन पडला. लहानपणी खोटं बोलताना याचे कान लाल व्हायचे. मग मीही, मला शिकवलं होतं तशी, कुशीवर पडून त्याच्या शेजारी बसले. बर्फातच त्याने सगळं सांगितलं. छातीत गाठ. नोव्हेंबरात, मी निघाले त्याच्या पुढच्याच आठवड्यात ऑपरेशन. आता केमो. केस गळायला लागलेत. आणि तू त्याच्याकडून शब्द घेतलास की हे सगळं उरकेपर्यंत तिला तिथेच ठेव, तिने एक आजारपण काढलंय, दुसरं तिच्या वाट्याला नको. तो रडत होता. शिकवणारी मुलगी धावत आली, तिला वाटलं आमची हाडं मोडली. हॉट चॉकलेट हवं का, विचारत होती.

म्हणजे विमानतळावर मला निरोप देताना तुला माहीत होतं. मिठी मारलीस ती एका अंगाने. मी मनात म्हटलं होतं, हिच्या खांद्याला पर्स आहे.

मला तुझा फार राग आलाय, रत्ना. शंकररावांच्या शेवटच्या महिन्यांत हॉस्पिटलच्या बाकड्यावर माझ्या शेजारी कोण झोपायचं? डबा कोण आणायचं? मला जबरदस्तीने घरी पाठवून त्यांच्या उशाशी कोण बसायचं? ते आजारपण मी एकटीने काढलं नाही, निम्मं तू काढलंस. आणि आता तुझ्या वेळेला तू हिशेब मांडलास की सुलेखाच्या वाट्याला पुरे झालं. हा हिशेब तुला कुणी करायला सांगितला? गणित माझा विषय आहे.

पोरांना मी रागावले नाही. उपासनानेच तिकीट अलीकडचं करून दिलं, पुढच्या मंगळवारी मी नागपुरात आहे. तुला आधी कळवलं नाही तर बरं, असं प्रफुल्ल म्हणतो. पण मी तुला ओळखून आहे. मी अचानक दारात आले तर तू माझ्यासाठी पदर खोचून स्वयंपाकाला उभी राहशील, म्हणून हे पत्र पुढे पाठवतेय. तुला काय चिडायचं ते या दिवसांत चिडून घे. मी आल्यावर त्यासाठी वेळ मिळणार नाही, तुझ्या पुढच्या केमोला मी शेजारच्या खुर्चीवर बसणार आहे आणि सोनलला पुण्याला पाठवणार आहे. माझ्या घराची किल्ली तुझ्याकडेच राहू दे, मी तुझ्याकडे राहायला येतेय. पत्रासोबतच्या पुडक्यात एक लोकरीची टोपी आहे, निळी. त्या टेकडीखालच्या दुकानात घेतली, कान झाकते आणि आतून मऊ आहे, डोक्याला टोचणार नाही. नकुल गेला की ती घाल. मग रात्री नऊला मी फोन करीन, तेव्हा आंघोळीला जाऊ नकोस. तो फोन पंख्यावरून खाली घे आणि मला तुझं तोंड दाखव.

तुझीच,
सुलेखा