यादीत राहिलेलं नाव

डेन्बी, ४ फेब्रुवारी

चि. नेस्ट हिला एलेरीताईचे आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. रूदिन गावातलं घर तुम्हा नवरा-बायकोला पसंत पडलं आणि बँकेनं कर्जाला होकार दिला, हे वाचून बरं वाटलं. इद्वाल गेल्यापासून या घरात आलेली ही पहिली चांगली बातमी. मी ठीक आहे. जेवते. रविवारी चॅपलमध्ये मागच्या बाकावर बसते आणि शेवटचं गीत संपायच्या आत निघते, म्हणजे कुणाशी बोलावं लागत नाही. फोन करत नाही याचा राग मानू नकोस. पत्रात निदान वाक्य पुरं होतं.

वकिलाचं विचारलंस. इद्वालसारख्या वकिलाची बायको म्हणून इतकी वर्षं काढली, तेवढं मला कळतं. कर्ज काढून घर घेताना वकील फक्त आपला नसतो, तो बँकेचंही काम बघतो. म्हणून प्रत्येक बँकेची मान्य वकिलांची यादी असते. यादीबाहेरचा घेतलास तर बँक स्वतःसाठी दुसरा नेमते. त्याचा खर्च तुमच्या डोक्यावर, आणि दोन वकिलांची पत्रापत्री चालू असताना घर विकणारा कंटाळून जातो. तेव्हा आधी यादी बघ. मोल्डला एक मोठं ऑफिस आहे, ते बहुतेक सगळ्या बँकांना चालतं.

टेगवेन पॅरीकडे जायचं म्हणतेस. ती इद्वालची भागीदार होती, काम चोख आहे, नाही म्हणत नाही. पण ती नको. का, ते विचारू नकोस.

ग्विनला आशीर्वाद. माझी माया तुमच्यावर आहेच.

तुझी,
एलेरीताई


रेक्सम, ११ फेब्रुवारी

ती. एलेरीताईस नेस्टचा नमस्कार.

विचारू नकोस म्हणालीस, म्हणून विचारत नाही. मला ठाऊकच आहे. भाऊजींच्या दफनाच्या दिवशी टेगवेन तुझ्यापेक्षा जास्त रडली आणि चॅपलच्या बायकांनी चहाचा पहिला कप तिच्या हातात दिला. तू तेव्हा किटलीकडे कशी बघत होतीस ते मी पाहिलंय!

ताई, रागावू नकोस, मी तिच्याकडेच काम दिलं. तुझं ऐकून आधी बँकेची यादी मागवली. त्यात ‘रीस आणि पॅरी, डेन्बी’ हे नाव होतं. भाऊजींचं ‘रीस’ दिसल्यावर मला पुढे वाचवेना. ग्विन म्हणाला, झालं, आता हिला मोल्ड काय नि लंडन काय.

घाई मात्र आहे. घरमालकीण श्रीमती प्रोबर्ट मुलाकडे राहायला निघाल्यात. करारांची अदलाबदल होऊन व्यवहार पक्का होईपर्यंत त्या कुणालाही घर विकू शकतात, आणि आमच्या मागे एक जोडपं टपून बसलंय. त्या घराला मागे सफरचंदाची झाडं आहेत. मी आत्ताच मनानं तिथे वाळत घातलेले आमचे कपडे बघायला लागलेय.

तुझ्या शब्दाबाहेर गेले तरी तुझीच,
नेस्ट


डेन्बी, २० फेब्रुवारी

चि. नेस्टला आशीर्वाद.

दिलंस ना काम, मग झालं. मी काही म्हणत नाही.

बुधवारी बाजारात टेगवेन भेटली. तुझ्या घराचं काम नीट चाललंय म्हणाली. मग माझ्या पिशवीत डोकावून म्हणाली की आल्याची बिस्किटं घेतली नाहीत वाटतं, इद्वालना दुपारच्या चहाला तीच लागायची. नेस्ट, आमच्या घरात आल्याचं बिस्किट कधी आलेलं नाही. मी त्याला लग्नापासून बेदाण्यांचा पाव, बारा ब्रीथ, करून घालत होते, तो मुकाट्यानं खायचा. तिला मी हसून हो म्हटलं आणि घरी आले.

दिवसभर तो तिच्यासमोर बसायचा आणि संध्याकाळी थकून माझ्याकडे यायचा. मला थकलेला इद्वाल मिळाला. हे कुणाला बोलून दाखवू नकोस, ग्विनलाही नाही.

काम झालं की कळव.

तुझी,
एलेरीताई


रेक्सम, १६ मार्च

ती. ताईस नमस्कार.

घर हातचं जातंय. पैसे सोडायच्या आधी बँकेनं वकिलांची पुन्हा तपासणी केली, तर त्या ऑफिसात आता एकच वकील आहे. या बँकेला निदान दोन भागीदार लागतात. भाऊजी गेले तेव्हाच टेगवेननं बँकेला कळवायला हवं होतं. कळवलंच नाही! म्हणून नाव यादीत राहिलं आणि मी मूर्खासारखी त्यावर विसंबले.

मी तडक तिच्याकडे गेले. म्हणाली, वकिलांच्या संस्थेला ठरावीक अर्ज होता, तो कसाबसा भरला. बँकांना मात्र स्वतः लिहायचं होतं. दर शुक्रवारी कागद समोर घेते, पण इद्वाल वारले हे वाक्य काही केल्या लिहवत नाही. मग रडायला लागली. मीही रडले, आणि बाहेर आल्यावर मला तिचा भयंकर राग आला.

श्रीमती प्रोबर्टनी या शुक्रवारपर्यंत वेळ दिलाय. नवा वकील घराच्या कागदपत्रांचे सगळे शोध पहिल्यापासून घेत बसला तर संपलंच. ग्विन भरलेली खोकी पुन्हा उघडतोय. ताई, तू बरोबर होतीस, तेवढं म्हणून घे. पण काही सुचत असलं तर सांग.

नेस्ट


डेन्बी, १९ मार्च

चि. नेस्टला आशीर्वाद.

घाबरू नकोस. सगळं सांगते.

तुझं पत्र वाचलं. लिहवत नाही म्हणे! मी लिहिलं ते वाक्य. गॅसवाल्यांना, पेन्शनवाल्यांना, वाचनालयाला, त्याच्या दातांच्या डॉक्टरला. रोज सकाळी टेबलाशी बसून लिहीत होते. तिला एक पत्र झेपत नाही? ते न झेपण्याचा हक्क तिला कुणी दिला? तो माझा होता, आणि मला तोसुद्धा परवडला नाही. कोट चढवला आणि हेच तिच्या तोंडावर सांगायला निघाले.

वाटलं होतं ती त्याच्या खुर्चीत बसलेली असेल. ती कोपऱ्यातल्या आपल्या जुन्या टेबलाशीच होती. मला त्याचाही राग आला. बोलायचं ते सगळं बोलले, आल्याच्या बिस्किटांपासून बारा ब्रीथपर्यंत. ती एवढंच म्हणाली की घरी माझी वाट बघत कुणी बारा ब्रीथ करून ठेवत नाही, एलेरीबाई.

दुसरी खुर्ची नव्हती, म्हणून मी त्याच्याच खुर्चीत बसले आणि बँकेला लिहायला कागद मागितला. माझे पती आणि या ऑफिसचे भागीदार इद्वाल रीस नोव्हेंबरमध्ये वारले, असं लिहिलं. हाताला त्याची सवय झालीय. पुढचं तिनं लिहिलं आणि सही केली.

मग तिनं मोल्डच्या ऑफिसला फोन लावला. ते यादीत आहेत. तिनं घेतलेले शोध ताजेच आहेत आणि त्यांची हमीही टेगवेन घेतेय, म्हणून ते तेच धरून पुढे काम करायला तयार झाले. फाईल मात्र आजच्या आज हवी होती. टेगवेनला गाडी येत नाही. पावसाळी दिवशी इद्वाल तिला घरी सोडायचा, हेही मला तिथेच कळलं. मी तिला मोल्डला नेलं. वाटेत म्हणाली की गाडी चालवताना ते शिट्टी वाजवायचे. त्यानं माझ्याशेजारी कधी वाजवली नाही.

उद्या दुपारी करारांची अदलाबदल होईल, असं मोल्डवाले म्हणतात. ग्विनला सांग, खोकी बंद कर.

तुझी,
एलेरीताई


रूदिन, १२ एप्रिल

ती. ताईस नव्या घरातून पहिला नमस्कार.

वरचा पत्ता वाचलास ना? काल किल्ल्या मिळाल्या. आंघोळीचा नळ गळतो आणि मला त्याचंही कौतुक आहे. येत्या शनिवारी सगळ्यांना जेवायला बोलावलंय. तू आली नाहीस तर मी ताट घेऊन डेन्बीला येईन.

एक विचारायचं होतं. टेगवेननं तिच्या चुकीच्या खर्चाचा एकही पैसा आमच्यावर पडू दिला नाही, आणि मोल्डवाल्यांनी तिला आपल्याकडे नोकरीला बोलावलंय म्हणे. तिलाही बोलावावं असं ग्विनचं म्हणणं आहे. तुला चालणार नसेल तर नुसतं नाही लिही, मी कारण विचारणार नाही.

तुझ्या होकाराची वाट बघणारी,
नेस्ट


डेन्बी, १४ एप्रिल

चि. नेस्ट आणि ग्विन यांना नव्या घराबद्दल भरभरून आशीर्वाद.

शनिवारी येते. टेगवेनला बोलाव. चालणार नाहीच मला, पण बोलाव.

तिला चॅपलच्या बायकांमध्ये बसवू नकोस, माझ्या शेजारी बसव. जेवताना ती इद्वालबद्दल काहीतरी बोलणारच, तिला राहवत नाही. ते आधी मला ऐकू यायला हवं.

तुझी,
एलेरीताई