फाउस्तोचा बाक

६ मे, सोमवार
फाउस्तो शनिवारी गेला. रक्ताचा कर्करोग. नऊ वर्षांचं पोर! आज वर्गात त्याचा बाक बघवेना.

यामिलाने शाळेच्या पांढऱ्या डगल्याच्या खिशातून येशूच्या आईचं, कुमारी मारियेचं चित्र काढलं. "बाई, त्याच्या बाकावर ठेवू?" आपल्या देशात सरकारी शाळेत देवाचं नावही घ्यायचं नाही, हे काय मला माहीत नाही? पण "ठेव" म्हटलं. मग मुलांनी प्रार्थना केली. मीही केली. बरं वाटलं.

८ मे
आता रोज सकाळी प्रार्थना. तिघंजण खिडकीबाहेर बघत बसतात. बसू देत.

९ मे
शाळा सुटल्यावर फाउस्तोच्या आईकडे गेले. ग्रिसेल पार वाळून गेलीय. तिला सांगितलं— आम्ही सगळे रोज त्याच्यासाठी प्रार्थना करतो, बाकावर मारिया ठेवलीय. "मुलांनी ठेवली, की तुम्ही?" एवढंच विचारलं तिने. मुलांनीच, म्हटलं.

येर्बाच्या कढत काढ्याचं भांडं तिने एकदाच भरून दिलं. पाहुणा 'पुरे' म्हणेपर्यंत भरत राहायचं, ही आपली रीत. मी अजून 'पुरे' म्हटलं नव्हतं, तरी परत भरलं नाही. थर्मासमधलं पाणी संपलं असेल. बिचारीला भान तरी कुठून राहणार!

१३ मे
माझी तक्रार झाली! कोणी केली ते सांगत नाहीत. मुख्याध्यापिका सुल्माबाई फणफणल्या होत्या. "अगं, देव नको म्हणून आपण ईस्टरच्या पवित्र आठवड्यालाही पर्यटनाचा आठवडा म्हणणारी माणसं. आणि तुझ्या वर्गात मारिया?" चित्र त्यांनी कपाटात टाकलं. यामिला रडली. मला नुसता संताप आला.

हे काम त्या औषधवाल्या बेरुत्तीचंच, त्याचा मुलगा खिडकीबाहेर बघणाऱ्यांतला. देव म्हटलं की त्याचं पित्त खवळतं. पण मेलेल्या लेकराच्या बाकावरचं चित्रही खुपावं? संध्याकाळी त्याने नमस्कार केला, मी मान फिरवली.

१५ मे
शुक्रवारी निरीक्षक येणार. नोकरी जाईल का? झोप नाही. पण माझं उत्तर तयार आहे— माझं सोडा, त्या आईला विचारा. तिच्या मनाला काही लागलं असेल तर मी आपणहून राजीनामा देते. ग्रिसेलच माझी साक्षीदार.

१७ मे, शुक्रवार
मी तेच म्हणाले. निरीक्षकांनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाले, "बाई, तक्रार तिचीच आहे."

तिने लिहिलं होतं— इस्पितळात चर्चमधल्या बायका फाउस्तोच्या खाटेभोवती प्रार्थना करायच्या. ती पुटपुट ऐकली की पोर घाबरायचं— आई, मी मरणार का गं? ग्रिसेलने त्यांना हाकलून दिलं. शेवटपर्यंत तो म्हणत होता, मला शाळेत जायचंय, तिथे कोणी तसं करत नाही.

थर्मासमध्ये पाणी होतं.