जात्याची कचकच

माय,

आज वर्गात दात शिकवले. टेबलावर जबडा ठेवला की पोरं झिजलेल्या दाढा बघून लगेच वय सांगून मोकळी होतात, आणि मला हमखास आपलं स्वयंपाकघर आठवतं. गुलमंडीमागच्या त्या दोन खोल्या, तव्यावर ज्वारीची भाकरी, आणि दिवसभर सांगाडे हाताळून आलेली मी. तू आधी मला न्हाणीत पिटाळायचीस. "कुनाची हाडं, काय म्हाईत," म्हणायचीस, आणि मी जेवायला बसले की सगळं खोदून खोदून विचारायचीसही.

त्या दिवशी तू विचारायच्या आधीच मी सांगत सुटले. सिल्लोडकडच्या एका विहिरीचा गाळ काढताना सांगाडा सापडला होता. एकटीनं बघायचं ते माझं पहिलंच काम. दाढा पार सपाट झालेल्या, म्हणून मी माणूस पन्नाशीपुढचा ठरवला. बाहेर व्हरांड्यात एक बाई बसून होती. तिचा चोवीस वर्षांचा मुलगा दोन वर्षांपासून बेपत्ता. अहवाल लिहून व्हायचा होता, पण मला कुठला धीर! बाहेर जाऊन सांगितलं, "मावशी, हा तुमचा नाही. म्हातारा माणूस आहे हा." तिनं माझा हात धरून कपाळाला लावला. मी तरंगतच घरी आले.

तू भाकरी थापत ऐकतेस आणि मध्येच थांबतेस.

"दातावरनं म्हातारा म्हनलीस व्हय?" पिठाच्या बोटानं ओठ वर करून तू दात दाखवतेस, मिसरीनं काळे, निम्मे झिजलेले. "तू झालीस तवा बी हे असेच व्हते. तवा मी म्हातारी व्हते का? अगं, जात्याला टाकी लावली की चार दिस भाकरीत दगडाची लई कचकच लागती. गावाकडं पंचविशीतच दात घासून जातात, बाई."

आणि मी काय म्हणाले? "तुला काय कळतंय त्यातलं? तू भाकरी थाप." तू थापलीस. मला वाढलीस ती भाकरी, तिच्यावर तूप रोजच्यापेक्षा जास्त होतं.

सकाळी कुणी यायच्या आत मी सांगाडा पुन्हा मांडला. गळ्याखालच्या कॉलरबोनच्या टोकावर गाळ होता, तो ब्रशनं काढला. ते टोक तिशीपर्यंत पक्कं जुळतं, इथं नुकतंच जुळू लागलं होतं. कमरेची हाडं पुढं जिथं भेटतात, तिथंही तरुणपणीच्या सऱ्या अजून स्पष्ट. म्हणजे पंचविशीच्या आतबाहेरचा पोरगा. वय जुळलं, मग लहानपणी मोडलेला डावा हातही जुळला. त्या मावशीला मीच सांगितलं. ती लगेच रडली नाही. "काल तर नाय म्हनला होता तुमी," एवढंच म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तू बोलली नसतीस तर ती जन्मभर दाराकडे डोळे लावून बसली असती, आणि तिचं पोर बेवारस गेलं असतं.

तुला मात्र मी हे कधी सांगितलं नाही. "त्या बाईचं काय झालं गं?" असं तू दोनतीनदा विचारलंस, मी "मिटलं" म्हणून विषय बदलला. आता वर्गात ठासून सांगते, दात बघण्याआधी माणूस काय खात होता ते विचारा, पीठ गिरणीचं की जात्याचं ते विचारा. हे कुठल्या पुस्तकात आहे, असं कुणी विचारलं तर म्हणते, "मला एका अनुभवी तज्ज्ञांनी शिकवलं." पोरांच्या डोळ्यांपुढे कुणी चष्मेवाले प्रोफेसर उभे राहतात. मी राहू देते. लाज वाटायची गं मला, तुझ्या मिसरीची.

तुला वाचता येत नव्हतं. गावाकडून पत्र आलं की मीच वाचून दाखवायची, आणि वाईट बातमीची ओळ मी गुपचूप गाळली की तू बरोब्बर पकडायचीस. "मधलं कुठं गेलं?" विचारायचीस. तू असतीस तर हेही पत्र मीच वाचून दाखवलं असतं. आणि खरं सांगू, माय, 'तुला काय कळतंय त्यातलं' ही ओळ मी आजही गाळली असती.