हाकेला ओ

प्रिय धांदल,

हो, तुलाच लिहितोय. त्याला वाचता येत नाही.

पहिल्याच ओळीत चेष्टा केली म्हणून चिडू नकोस. गेल्या रविवारी फोनवर मी एवढंच म्हणालो की तुझ्या आईने अखेर कुत्र्याचं नाव ठेवलं, आणि काय ठेवलं ते सांगितलं. तू आधी हसलीस. मग म्हणालीस, "चला, म्हणजे माझी जागा भरली," आणि फोन ठेवून दिलास. त्यानंतर मी पुन्हा केला, तू उचलला नाहीस. रागावण्यात तू थेट आईवर गेली आहेस, आवाज न करता रागवायचं. मला तेव्हाच खुलासा करायचा होता, पण ती शेजारीच बसली होती. तिला बोलता येत नसलं तरी ऐकू सगळं येतं आणि कळतंही सगळं. तिच्यादेखत तिच्याबद्दल बोलणं माझ्याच्याने होत नाही. आत्ता ती आत दुपारची झोपली आहे आणि मी दुकानात, कापड बेतायच्या टेबलावर पॅड ठेवून लिहितोय. पहिल्यापासून सांगतो, कारण तू अर्धंच ऐकलं आहेस.

आईला पक्षाघाताचा झटका आला आणि तू येऊन राहिलीस, तेव्हा हा कुत्रा नव्हता. तू गेलीस आणि आईने बाहेर पडणं बंद केलं. डॉक्टर सांगून दमले की चालायला हवं, नाहीतर उजवा पाय आणखी आखडेल. पण तिचं तोंड एका बाजूला ओढलेलं, आणि रस्त्यातले लोक तिच्याशी बोलताना नेमकं तिथेच बघत. दोनदा गेली, तिसऱ्यांदा उंबऱ्यातून परत फिरली. त्याच सुमारास वखारवाले आजोबा पँटची कंबर सैल करायला आले. म्हातारपणी मुलाकडे राहायला निघाले होते, आणि सुनेने स्पष्ट सांगितलं होतं की कुत्रा आणायचा नाही. कुत्रा बाहेर बांधला होता. मी बघायला गेलो आणि बघतच राहिलो. शिकारी जातीचा, लांबलचक तोंडाचा, पाय कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात ते कळू नये असा. सवयीने टेप लावली, छाती माझ्यापेक्षा दोन इंच जास्त भरली. मला वाटलं, याच्याबरोबर बाई चालली तर तिच्या तोंडाकडे कोण बघणार? आणि झालंही तसंच. सगळा रस्ता त्याच्याकडे बघतो. मुलं विचारतात, हा घोडा आहे का. आई काठी टेकत त्याच्या मागे कोपऱ्यापर्यंत जाऊन येते, आणि तिच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही.

दिसायला एवढा दांडगा, पण आळशीपणात त्याचा हात कोणी धरणार नाही. दिवसभर माझ्या टेबलाखाली चारी पाय वर करून झोपतो. गिऱ्हाईक आलं तर एक डोळा उघडतो, पटलं नाही तर मिटतो. मोकळ्या मैदानात सोडला की मात्र दिसेनासा होतो, आणि मग त्याला परत कसं बोलवायचं हा प्रश्न. वखारवाल्या आजोबांनी त्याचं नावच ठेवलं नव्हतं. ते शिट्टी मारायचे. माझ्या कवळीतून शिट्टी वाजत नाही, नुसती हवा जाते. म्हणजे नाव हवंच होतं.

आता आपल्या घरात नाव कोण ठेवतं हे तुला सांगायला नको. नावं ठेवण्यात तुझ्या आईचा हात धरणारा या रस्त्यावर जन्माला यायचाय. इस्त्रीवाला 'वाफ', वरचे निवृत्त गणिताचे मास्तर 'हातचा', कारण ते जिन्यात नेहमी काहीतरी विसरून परत येतात. मला ती 'टाचणी' म्हणायची. तोंडात टाचण्या धरून मी सगळ्याला हुं हुं करत राहतो म्हणून. आता हुं हुं ती करते आणि बोलावं मला लागतं, आणि मला काही ते जमत नाही. तर मी ठरवलं, कुत्र्याचं नाव तीच ठेवेल. वेळ लागला तर लागू दे. तिच्याआधी दुसऱ्या कुणी ठेवलं असतं, तर ते काम तिच्याकडून कायमचं गेलं असं मीच कबूल केल्यासारखं झालं असतं. गुरांच्या डॉक्टरांनी लशीच्या कार्डावर नावाच्या जागी नुसतं 'कुत्रा' लिहिलं आणि माझ्याकडे विचित्र नजरेने बघितलं.

गिऱ्हाइकांना मात्र मोकळं रान मिळालं. वाफ म्हणाला, 'सुलतान' ठेवा, रुबाबदार आहे. आईने मान हलवली, नाही. हातचा मास्तरांनी 'बाण' सुचवलं, सरळ जातो म्हणून. नाही. कुणी 'तुफान' म्हणालं, कुणी 'सरदार'. आई प्रत्येक नावाला कुत्र्याकडे एकदा बघायची आणि नाक मुरडायची. मला फार बरं वाटायचं गं. बोलणं गेलं होतं, पण खोडी काढायची खोड शाबूत होती. नाव म्हणजे शेवटी कोट शिवण्यासारखंच, नुसतं भारी कापड असून चालत नाही, खांद्यात बसायला लागतं. आणि त्या आळशाच्या अंगावर 'तुफान' म्हणजे दोन्ही खांदे लोंबतच राहिले असते.

बोलायला शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा येतात. त्यांनी सांगितलं, ओठ मिटून निघणारी अक्षरं आधी येतील, तेव्हा नाव प, ब, म यांतलंच निवडा. आम्ही बसलो. 'बाबा' म्हटलं तर मीच ओ देणार. 'मामा' सोपं होतं, पण ते ठेवलं असतं तर तुझ्या मामाने या घराची पायरी पुन्हा चढली नसती. या विनोदावर आई तिच्या अर्ध्या तोंडाने पुष्कळ हसली. मग 'पोपट'वर प्रयत्न झाला. एवढ्या मोठ्या कुत्र्याला पोपट! पण बाई म्हणाल्या, चालेल, येतंय तर येऊ दे. आई प, प करत राहायची, कपाळावर घाम यायचा, आणि शब्दाच्या दारापर्यंत येऊन सगळं परत आत जायचं. मग ती डाव्या हाताने समोरची चित्रं ढकलून द्यायची. मी म्हणायचो, असू दे, उद्या बघू. आणि आत जाऊन नळ सोडायचो, माझं तोंड तिला दिसू नये म्हणून. पोरी, जिने आयुष्यभर मला एक वाक्य धड पुरं करू दिलं नाही, ती एका अक्षरासाठी अशी झगडताना बघवत नाही.

आता ज्याच्यावरून तू रुसलीस ते सांगतो. त्या संध्याकाळी आई दुकानातल्या खिडकीपाशी तिच्या खुर्चीत होती. वाफ कपड्यांचा गठ्ठा घेऊन नुकताच आला होता. आईने हाक मारली, "धांदल." स्वच्छ, पहिल्यासारखी, शेवटचं अक्षर ओढून. टेबलाखालून कुत्रा उठला, आळस दिला, तिच्यापाशी गेला आणि तिच्या उजव्या अंगाला टेकून उभा राहिला. या जातीची ही सवयच असते म्हणे, माणसाला सगळं वजन देऊन टेकायचं. आईने डावा हात पलीकडून आणून त्याच्या डोक्यावर ठेवला. वाफ ओरडला, ठरलं, ठरलं, नाव ठरलं! त्याने आख्ख्या रस्त्याला सांगितलं. आता सगळे त्याला त्याच नावाने हाक मारतात आणि तो येतो. एवढंच मी तुला फोनवर सांगितलं. तुला काय वाटलं असेल ते मला कळतं. आईला एकच शब्द मिळाला, आणि तो नेमका तुझा काढून तिने कुत्र्याला दिला.

पण तूच विचार कर, हे नाव त्याला बसतं का? ज्याला ताटाजवळ जायचीही घाई नाही, त्याला धांदल म्हणायचं? सुलतान आणि बाण नाकारणारी बाई असलं मापात न बसणारं नाव ठेवेल? दुसऱ्याच्या मापाचा कपडा मला लांबून ओळखू येतो. एका पायात चप्पल घालून बससाठी धावणाऱ्या मुलीच्या मापाने ते बेतलेलं आहे.

खरं असं आहे की तो शब्द त्या संध्याकाळी पहिल्यांदा आला नव्हता. त्याच्या बऱ्याच आधी एकदा, तू कॉलेजातून यायचीस त्या वेळेला, रस्त्यावर बस थांबली. मी खडूने बाहीची खूण करत होतो. मागून हाक आली. माझ्या हातातला खडू पडला. मागे वळून बघतो तर ती खिडकीतून बसच्या दाराकडे बघत होती. उतरणारी माणसं संपेपर्यंत बघत होती. कुत्रा टेबलाखाली घोरत होता, त्याचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता. मी आनंदाने वेडा झालो. म्हटलं, पुन्हा म्हण, पुन्हा म्हण! तिने पुन्हा म्हटलं आणि आपल्या दाराकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी सांगितलं, अगं, ती लांब आहे, नोकरीवर आहे. तिने मान हलवली, तिला ठाऊक होतं. तरी दुसऱ्या दिवशी बसच्या वेळेला पुन्हा हाक. तिसऱ्या दिवशीही. तुला फोनवर दाखवलं तेव्हा मला वाटलं होतं, आता तुझ्यासमोर म्हणेल. पण त्या एवढ्याशा काचेत तुला बघितलं की तिचे ओठ थरथरायला लागतात आणि शब्द आत जातो. तुला आठवत असेल, तिने तोंड फिरवलं होतं. तुला वाटलं तिला कंटाळा आला.

रोज हाक मारायची आणि कुणी यायचं नाही. हळूहळू शब्दाची धार जाऊ लागली. धांदलचं धांद झालं, मग नुसतं धा. ती जेवेना. मी बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, शब्द टिकवायचा असेल तर त्या शब्दाने काहीतरी घडायला हवं. हाक मारली की कुणीतरी आलं पाहिजे. पुढे मी काय केलं ते तुला सांगायचा मला धीर होत नव्हता. बिस्किटांचे तुकडे घेऊन मी त्या कुत्र्याला मागच्या अंगणात तुझ्या नावावर यायला शिकवलं. तू लहान असताना तुला जेवायला बोलवायचो तशी हाक मारायची, तो आला की तुकडा द्यायचा. मला पुष्कळ वेळा मध्येच थांबावं लागलं. पण तो शिकला. आणि वाफने ऐकलं त्याच्या काही दिवस आधी, ज्या संध्याकाळी तो पहिल्यांदा तिच्या अर्ध्या हाकेला उठून गेला, त्या संध्याकाळी शब्द पुन्हा सबंध आला, आणि ती जेवली. तेव्हा तुझ्या आईने तुझं नाव कुणाला दिलं नाही. तिने तुलाच बोलावलं. तू नव्हतीस, म्हणून मी त्याला पाठवला.

तू तिथे वॉर्डात रोज दुसऱ्यांच्या आयांना उठवून बसवतेस, पाणी पाजतेस, तुझा पाय निघत नाही हे मला कळतं. हा टोमणा नाही, पोरी. पण परवा बाईंनी चित्रांमध्ये तुझा फोटो मिसळला आणि आईला विचारलं, ही कोण? तिने फोटो हातात घेतला, त्यावरून बोट फिरवलं, तिचे डोळे भरले आणि शब्द काही येईना. मग कुत्रा आत आला आणि तिने त्याला हाक मारली, अगदी स्वच्छ. बाई जाताना मला दारात म्हणाल्या, नाव ज्याला रोज चिकटतं त्याचंच होऊन बसतं, मुलीला लवकर बोलवा. म्हणून हे पत्र. सुट्टी मिळत नसेल तर भांडून घे, पण ये. आल्यावर दार वाजवू नकोस, बसच्या वेळेला ये आणि खिडकीसमोर उभी राहा. ती अजून त्या वेळेला हाक मारते. हाक मारल्यावर आधी दाराकडे बघते, आणि मग त्याच्याकडे. अजून तरी आधी दाराकडेच बघते.

तुझाच,
बाबा