चारच्या विमानातली मी

३ नोव्हेंबर, शिंदखेडा
नाही म्हणाले! एअरलाइनचा मेल – "आपला विचार करता येणार नाही." दोनशे दहा तास उडवलंय. लायसन्स आहे, मेडिकल आहे, पेपर सगळे पहिल्या झटक्यात सुटलेत. पण त्यांना हवं टाइप रेटिंग, म्हणजे त्यांचं मोठं जेट चालवायचं वेगळं शिक्षण. वर जेटवरचा अनुभवही हवा. अहो, जेटवर बसवल्याशिवाय अनुभव आणू कुठून? बाजारातून?

४ नोव्हेंबर
आज चारला विमान गेलं. सगळी गल्ली वर बघून हात हलवत होती. "दख, हेमांगीनं इमान चालनं!" आणि हेमांगी कुठे? स्वयंपाकघरात, दाराआड!

आबांचा प्रताप. जन्मभर एसटी चालवली. त्यांच्या हिशोबाने लायसन्स-बिल्ला मिळाला की दुसऱ्या दिवशी रूट हातात. माझं लायसन्स आलं त्याच संध्याकाळी यांनी फ्लेक्स लावला आणि गावभर सांगून टाकलं – पोरगी एअरलाइनला लागली, चारची गाडी तिचीच! खरं कळल्यावर मागे कसं घेणार? आता मी 'ड्युटी करून' घरी येते म्हणे. फक्त चारला दिसायचं नाही. "तितली येळ बाहेर नको बठू, बेटा."

७ नोव्हेंबर
पाहुणे नेमके चारला टपकले. मी धान्याच्या कोठीमागे. शिंक आली, गिळली. वैताग!

१२ नोव्हेंबर
धुळ्याहून कॅप्टन सरांचा फोन. त्यांच्याकडेच मी उडायला शिकले. "इन्स्ट्रक्टरचं रेटिंग कर. पोरांना शिकवता शिकवता तुझे तास वाढतील. घरी बसलीस तर हातची सवय जाईल. एअरलाइनवाले पहिलं विचारतात, शेवटचं कधी उडवलंस?"

खरं आहे! काय सांगू त्यांना, कोठीमागे होते म्हणून?

आबांना सांगितलं, तर भडकले. "मास्तरकी? मंग गावले काय सांगू?" गावाला! इथे माझं सगळं वाया चाललंय आणि यांना गावाचं पडलंय. मी खूप भांडले. आई भाकरी थापत राहिली.

१५ नोव्हेंबर
आबा बोलत नाहीत. चारला मात्र ओट्यावर जाऊन हात हलवत होते. मी आत आहे हे माहीत असूनही! राग आला. रडूही आलं.

१७ नोव्हेंबर
बास झालं. आज चारला सरळ ओट्यावर जाऊन बसले. विमान आलं. आबांचा चेहरा पडला. समोरच्या भिकुबाई अक्कांनी मला पाहिलं, मग वर पाहिलं – आणि तरीही हात हलवला! बाकीच्यांनीही. कुणी काही विचारलं नाही. ही माणसं वेडी आहेत की मी?

सरांना फोन केला. उद्या येते म्हटलं.

१८ नोव्हेंबर, धुळ्याच्या गाडीत
अक्का खिडकीशी आल्या, दशम्यांचं फडकं दिलं आणि हळूच म्हणाल्या, "बठ्ठी गल्लीले मालूम शे व माय, तू घरमाच ऱ्हास. हात तं आम्ही तुना आबाकरता करतस."

पुढे आबा ड्रायव्हरला सांगत होते, "सांभाळीसन ने रे भाऊ. मनी पोर शे. धुळाले पोरेसले इमान शिकाडस."

रेटिंग अजून व्हायचंय, आबा!